सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्की : कायदा, बाजारपेठ आणि आस्वादकाची निवड (१८२३ ते २००९)

प्रस्तावना

खाद्यपेयांचा इतिहास हा केवळ चवीचा इतिहास नसतो. त्यामागे शेती, इंधन, करव्यवस्था, वाहतूक आणि व्यापार यांचे जाळे असते. चहा, साखर, मीठ आणि कापूस यांच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष पुष्कळ पूर्वी गेले. मद्याच्या इतिहासाकडे मात्र आपल्याकडे बहुधा दारूबंदीच्या किंवा अबकारी उत्पन्नाच्या अंगानेच पाहिले गेले आहे. एखादे मद्य ‘उत्तम’ ठरते म्हणजे काय, ते कोण ठरवतो आणि ग्राहक ते कशाच्या आधारे निवडतो, हा प्रश्न सामाजिक व आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्कीच्या संदर्भात केला आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या विवेचनाचा हेतू नाही.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच आसवनीत, फक्त पाणी, यीस्ट आणि मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये टप्प्याटप्प्याने आसवन करून तयार केलेली आणि ओक लाकडाच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवलेली व्हिस्की. येथे ‘सिंगल’ या शब्दाचा अर्थ एकच आसवनी असा आहे. एकच पिंप किंवा एकच वर्ष असा तो नाही. आज ही व्याख्या निःसंदिग्ध वाटते, तथापि तिला कायद्याचे पूर्ण पाठबळ मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. या पेयाची आवड असणारा आज ज्या खुणांवर विसंबून निवड करतो, त्या प्रदेश, वय, पिंप आणि ‘सिंगल’ या खुणा निसर्गाने दिलेल्या नसून त्या दीर्घ संघर्षातून, बऱ्याचदा करवसुलीच्या गरजेतून, घडल्या आहेत, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

मठातील अर्क ते परवान्याची भट्टी

स्कॉटलंडमधील आसवनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १४९४-९५ च्या राजकोषाच्या नोंदवहीत सापडतो. राजा चौथा जेम्स याच्या आज्ञेने फ्रायर जॉन कॉर या धर्मबंधूस ‘अ‍ॅक्वा व्हिटी’ तयार करण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याची ती नोंद आहे. ‘अ‍ॅक्वा व्हिटी’ म्हणजे जीवनजल. याच अर्थाच्या ‘उश्के बाहा’ या गेलिक शब्दापासून पुढे ‘व्हिस्की’ हा शब्द बनला. स्कॉच व्हिस्कीची पहिली नोंदच हिशेबाच्या वहीत सापडावी, हे तिच्या पुढील इतिहासाशी सुसंगत आहे. १६४४ मध्ये स्कॉटिश संसदेने मद्यार्कावर प्रथम अबकारी कर बसवला. १७०७ च्या एकीकरणानंतर लंडनच्या करव्यवस्थेचा पगडा वाढत गेला आणि १७२५ मध्ये माल्टवरील कराच्या विरोधात ग्लासगो येथे दंगल उसळली.

कराचा चवीवर कसा परिणाम होतो, याचे ठळक उदाहरण १७८४ च्या वॉश अ‍ॅक्टमध्ये आढळते. या कायद्याने स्कॉटलंडचे ‘हायलँड’ आणि ‘लोलँड’ असे करविषयक दोन भाग पाडले आणि त्यांच्यामध्ये नकाशावर रेषा ओढली. दोन्ही भागांतील कराचे दर व नियम निरनिराळे होते. लोलँडमध्ये कर स्टिलच्या आकारमानावर आकारला जाऊ लागल्यामुळे त्या आकारमानातून अधिकाधिक वेळा मद्य काढणे आसवकाच्या फायद्याचे ठरले. त्याने स्टिलचा तळ रुंद आणि उथळ केला, आच वाढवली आणि आसवनाचा वेग शक्य तितका वाढवला. माल्टवरील कर टाळण्यासाठी मोड न आणलेले धान्यही मिसळले जाऊ लागले. यातून निघणारा मद्यार्क उग्र आणि ओबडधोबड असे. याउलट हायलँडमधील विनापरवाना लहान भट्ट्यांना कराची घाई नव्हती. तेथे संथ आचेवर, निव्वळ माल्टपासून आसवन होई. त्यामुळे चोरट्या व्हिस्कीची कीर्ती कायदेशीर व्हिस्कीहून मोठी झाली.

ही विसंगती दूर करण्याचा निर्णायक प्रयत्न १८२३ च्या अबकारी कायद्याने केला. दहा पौंड वार्षिक परवाना शुल्क, किमान चाळीस गॅलन क्षमतेची स्टिल आणि पूर्वीपेक्षा निम्म्याहूनही कमी केलेला कर अशी त्याची ठळक रूपरेषा होती. मोठे जमीनदार, विशेषतः गॉर्डनचा ड्यूक, या सुधारणेस अनुकूल होते, कारण परवानाधारक कुळाकडून खंड नियमित मिळण्याची शक्यता अधिक होती. ड्यूकचेच कूळ असलेल्या जॉर्ज स्मिथ याने १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात परवाना घेतला. शेजारच्या चोरट्या आसवकांना हे फितुरीसारखे वाटले आणि स्मिथला बराच काळ स्वसंरक्षणार्थ पिस्तुले बाळगावी लागली. तरीही दोन-तीन दशकांत चोरटे आसवन जवळजवळ नामशेष झाले. लहान भट्टी परवान्याच्या चौकटीत सामावून घेतली गेली आणि माल्ट व्हिस्कीला कायदेशीर अस्तित्व लाभले.

नाव हे मालमत्ता असते, याची जाणीवही याच खोऱ्यात प्रथम तीव्रपणे झाली. ‘ग्लेनलिव्हेट’ या नावाची कीर्ती पाहून आसपासच्या अनेक आसवन्यांनी ते आपल्या मालाला जोडले. स्मिथ घराण्याने त्याविरुद्ध दाद मागितली. १८८४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार ‘द ग्लेनलिव्हेट’ हे नाव केवळ स्मिथ यांच्या आसवनीचे ठरले. इतरांना ते आपल्या नावाला जोडनाव म्हणून लावण्याची मुभा मिळाली.

अखंड आसवन-यंत्र आणि मिश्रणाचा उदय

माल्ट व्हिस्की स्थिरस्थावर होत असतानाच तिचा प्रतिस्पर्धीही जन्मास आला. पॉट स्टिलमध्ये आसवन एकेका घाण्याने होते. प्रत्येक वेळी भांडे भरावे, तापवावे, रिकामे करावे आणि पुन्हा भरावे लागते. रॉबर्ट स्टाइन याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस आणि आयर्लंडमधील अबकारी खात्याचा माजी अधिकारी इनियस कॉफी याने १८३० मध्ये अखंड आसवनाच्या यंत्राचे पेटंट घेतले. कॉफीच्या उंच स्तंभांच्या यंत्रात आंबवलेला द्रव एका बाजूने सतत आत जाई आणि तीव्र, सौम्य चवीचा मद्यार्क दुसऱ्या बाजूने सतत बाहेर येई. त्यासाठी मका किंवा गहू यांसारखे स्वस्त धान्य चालत असे. या मद्यार्काला ‘ग्रेन व्हिस्की’ असे नाव मिळाले.

माल्टची चव आणि ग्रेनची स्वस्ताई यांचा संयोग घडवण्यास कायद्याने वाट करून दिली. १८५३ मध्ये कर भरण्यापूर्वी सरकारी देखरेखीखालील गोदामात एकाच आसवनीची निरनिराळ्या वयांची व्हिस्की एकत्र करण्यास परवानगी मिळाली आणि एडिंबरोच्या अँड्र्यू अशर याने ग्लेनलिव्हेटचे असे मिश्रण बाजारात आणले. १८६० च्या स्पिरिट्स अ‍ॅक्टने माल्ट आणि ग्रेन यांचे मिश्रणही गोदामात करण्याची मुभा दिली. येथून मिश्र व्हिस्कीचे युग सुरू झाले. पुढे फायलॉक्सेरा या कीटकाने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, ब्रँडीचा तुटवडा पडला आणि इंग्लंडमधील मध्यमवर्गाच्या मेजावर स्कॉच व्हिस्कीला जागा मिळाली. मिश्र व्हिस्कीचा मोठा गुण म्हणजे सातत्य. एकाच छापाची बाटली लंडनमध्ये उघडा किंवा मुंबईत, चव सारखीच. एकोणिसाव्या शतकातील साम्राज्यव्यापी बाजारपेठेस असेच उत्पादन हवे होते.

अल्फ्रेड बार्नार्ड याने १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ब्रिटिश बेटांवरील १६१ आसवन्यांचे वर्णन आहे. त्यांतील १२९ स्कॉटलंडमधील होत्या आणि एकट्या कॅम्पबेलटाउन या लहानशा बंदरात त्याला २१ आसवन्या आढळल्या. या भरभराटीत बहुसंख्य माल्ट आसवन्या मिश्रणकारांच्या पुरवठादार बनल्या. त्यांचे नाव बाटलीवर येत नसे. १८९८ च्या डिसेंबरमध्ये लीथ येथील पॅटिसन बंधूंची मिश्रण-व्यवसायातील मोठी कंपनी कोसळली. अफाट जाहिरात, फुगवलेले हिशेब आणि हलका माल उंची म्हणून विकणे हे प्रकार चौकशीत उघड झाले आणि १९०१ मध्ये दोघा बंधूंना शिक्षा झाली. कंपनीबरोबर तिचे अनेक पुरवठादारही बुडाले. व्हिस्कीच्या बाटलीत नेमके काय आहे, हा प्रश्न आता सार्वजनिक झाला.

‘व्हिस्की म्हणजे काय?’

हा प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयात उभा राहिला तो लंडनमधील इस्लिंग्टन बरोच्या प्रशासनामुळे. १९०५ मध्ये या नगरसंस्थेने काही मद्यविक्रेत्यांवर खटले भरले. १८७५ च्या अन्न व औषध विक्री कायद्यानुसार ग्राहकाने मागितलेल्या वस्तूच्या प्रकृतीची व गुणवत्तेचीच वस्तू त्यास देणे बंधनकारक होते. ग्राहकाने व्हिस्की मागितली असता त्याला बहुतांशी ग्रेन मद्यार्क देण्यात आला, असा हा आरोप होता. डब्लिनच्या चार आसवकांनी १८७८ मध्येच पुस्तक प्रसिद्ध करून कॉफीच्या यंत्रातील मद्यार्क ही व्हिस्की नव्हे, अशी भूमिका मांडली होती. तीच भूमिका आता कायद्याच्या भाषेत अवतरली. फेब्रुवारी १९०६ मध्ये दंडाधिकाऱ्याने विक्रेत्यांविरुद्ध निर्णय दिला. या निर्णयाने मिश्र व्हिस्कीच्या संपूर्ण उद्योगाचा पायाच हादरला. त्याच वर्षी ग्रेन आसवकांच्या बलाढ्य ‘डिस्टिलर्स कंपनी’ने आपली निव्वळ ग्रेन व्हिस्की वृत्तपत्रांतून जाहिरात करून विकावयास काढली. तिच्यामुळे डोके दुखत नाही, असा त्या जाहिरातीचा सूर होता. अपिलात न्यायाधीशांची मते समसमान विभागली गेली आणि प्रश्न अनिर्णीत राहिला.

अखेर १९०८ मध्ये लॉर्ड जेम्स ऑफ हेरफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमण्यात आला. आयोगाने १९०९ मध्ये आपला निर्णय दिला. माल्टमधील विकराने शर्करेत रूपांतरित केलेल्या धान्याच्या लगद्यापासून आसवन करून काढलेला मद्यार्क म्हणजे व्हिस्की, आणि स्कॉटलंडमध्ये आसवन केलेली व्हिस्की म्हणजे स्कॉच, असा त्याचा सारांश होता. आसवन पॉट स्टिलमध्ये झाले की अखंड यंत्रात, याला आयोगाच्या व्याख्येत स्थान नव्हते.

हा निर्णय ग्रेन उत्पादकांचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्याचा एक दूरगामी परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. ‘व्हिस्की’ हे नाम सर्वांचे झाल्यामुळे माल्ट उत्पादकांना स्वतःचे वेगळेपण सांगण्यासाठी विशेषणाशिवाय दुसरा उपाय उरला नाही. ‘प्युअर माल्ट’, ‘स्ट्रेट माल्ट’, ‘सिंगल माल्ट’ या शब्दप्रयोगांची गरज येथे निर्माण होते. नामाच्या लढाईत झालेल्या पराभवातून पुढे विशेषणाचे मूल्य वाढले. हे विशेषण मात्र दीर्घ काळ कायद्याने बांधलेले नव्हते, आणि हा दोष पुढे शतकाच्या अखेरीस उद्योगाला भोवला.

विस्मरण आणि पुनःशोध

पहिल्या महायुद्धाच्या काळात मद्यपानास आळा घालण्यासाठी केलेल्या १९१५ च्या कायद्याने व्हिस्की काही काळ गोदामात मुरवणे सक्तीचे केले. ही मुदत आधी दोन आणि लगेच तीन वर्षांची झाली. कायद्याचा हेतू नवे, उग्र मद्य बाजारात येऊ नये हा होता. परिणाम मात्र असा झाला की मुरवणे हे व्हिस्कीच्या व्याख्येचाच भाग बनले आणि वय ही प्रतिष्ठेची खूण ठरली. युद्धानंतरची मंदी आणि १९२० ते १९३३ या काळातील अमेरिकेतील दारूबंदी यांमुळे अनेक आसवन्या बंद पडल्या. बार्नार्डने पाहिलेल्या कॅम्पबेलटाउनमध्ये १९३०च्या दशकाच्या मध्यास स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया अशा दोनच आसवन्या उरल्या.

याच दशकात माल्ट व्हिस्कीला साहित्यिक कैवारी लाभले. जॉर्ज माल्कम थॉमसन याने ‘इनियस मॅकडोनल्ड’ या टोपणनावाने १९३० मध्ये ‘व्हिस्की’ हे पुस्तक लिहिले. कादंबरीकार नील गन याचे ‘व्हिस्की अँड स्कॉटलंड’ १९३५ मध्ये आले. गन हा अबकारी अधिकारी होता आणि आसवनीतील काम त्याने जवळून पाहिले होते. वाइनप्रमाणे व्हिस्कीतही स्थानाचे आणि आसवनीचे व्यक्तिमत्त्व शोधावे, ही दृष्टी अशा लेखनातून रुजली. बाजारपेठ मात्र मिश्र व्हिस्कीचीच राहिली.

१९६३ मध्ये विल्यम ग्रँट अँड सन्स या कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीने आपली ग्लेनफिडिक माल्ट व्हिस्की स्कॉटलंडबाहेर पद्धतशीरपणे विकण्यास प्रारंभ केला. मिश्र व्हिस्कीच्या मोठ्या कंपन्यांशी तिच्याच क्षेत्रात स्पर्धा करण्याऐवजी वेगळे क्षेत्र निर्माण करण्याचा हा निर्णय होता. १९६९ मध्ये या आसवनीने अभ्यागतांसाठी केंद्र उघडले. ग्राहकाला आता बाटलीमागील जागा डोळ्यांनी पाहता येऊ लागली.

या वाटेला इतरांना वळवले ते संकटाने. १९७०च्या दशकातील अतिउत्पादनामुळे मागणीपेक्षा कितीतरी अधिक साठा गोदामांत पडून राहिला. १९८३ मध्ये डिस्टिलर्स कंपनीने अकरा माल्ट आसवन्या बंद केल्या. त्यांत पोर्ट एलन आणि ब्रोरा या होत्या. त्याच वर्षी लीथ येथे ‘स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी’ स्थापन होऊन एकेका पिंपातील व्हिस्की सभासदांना मिळू लागली. एका बाजूने कारखान्यांना टाळे लागत होते आणि दुसऱ्या बाजूने रसिकांचे मंडळ उभे राहत होते. १९८६ मध्ये गिनेस कंपनीने डिस्टिलर्स कंपनी ताब्यात घेतली. त्यातून झालेल्या ‘युनायटेड डिस्टिलर्स’ने १९८८ मध्ये ‘क्लासिक माल्ट्स’ या नावाने ग्लेनकिंची, क्रॅगनमोर, डॅलव्हिनी, ओबान, टॅलिस्कर आणि लॅगाव्हुलिन या सहा व्हिस्की एकत्र सादर केल्या. प्रत्येकीवर एकेका प्रदेशाचे प्रतिनिधित्व सोपवलेले होते. १९८९ मध्ये मायकेल जॅक्सन या इंग्रज मद्यसमीक्षकाचे गुणांकन देणारे मार्गदर्शक पुस्तक आले. प्रदेशनिहाय निवड ही आजची रूढ पद्धत आहे. तिचा प्रसार अशा प्रकारे अवघ्या दोन-तीन वर्षांत झाला.

प्रदेश, पीट आणि पिंप

निवडीच्या या रूढ खुणांचे परीक्षण येथे आवश्यक ठरते. त्यांतील पहिली खूण प्रदेश. सध्याच्या कायद्यात हायलँड, लोलँड, स्पेसाइड, इस्ले आणि कॅम्पबेलटाउन अशी पाच नावे संरक्षित आहेत. हायलँड आणि लोलँड यांच्यातील सीमेची कल्पना १७८४ च्या कररेषेपासून आलेली आहे. स्काय, ऑर्क्नी यांसारखी बेटे कायद्याने हायलँडमध्येच मोडतात. इस्ले म्हटले की धुरकट चव अशी समजूत असली, तरी त्याच बेटावरील बुनाहावन आसवनीची नेहमीची व्हिस्की जवळजवळ धूररहित असते. म्हणजे प्रदेश हा चवीविषयी प्राथमिक अंदाज देतो, हमी देत नाही.

दुसरी खूण धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून जाळतात. कोळसा व लाकूड दुर्मीळ असलेल्या भागात मोड आलेले जव वाळवण्यासाठी हेच इंधन होते. त्याच्या धुरातील फिनॉल संयुगे माल्टमध्ये उतरतात. १८६३ मध्ये स्ट्रॅथस्पे रेल्वे सुरू झाल्यावर स्पे नदीच्या खोऱ्यात कोळसा सहज पोहोचू लागला आणि तेथील व्हिस्कीतील धूर उत्तरोत्तर ओसरला. इस्लेवर रेल्वे पोहोचणे शक्यच नव्हते आणि तेथे पीट टिकून राहिले. एके काळी जी अपरिहार्यता होती, तिची आज निवड झाली आहे. बाटलीसंबंधी सांगितले जाणारे फिनॉलचे आकडे बहुधा माल्टमधील असतात. आसवनात व मुरण्यात त्यांचा बराच भाग नाहीसा होतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

तिसरी आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची खूण पिंप. आसवनीतून निघणारा मद्यार्क रंगहीन असतो. त्याचा नैसर्गिक रंग आणि चवीचा मोठा भाग ओकच्या लाकडातून येतो. ब्रिटनमध्ये शेरी पिंपांतून येत असे आणि रिकामी पिंपे व्हिस्की साठवण्यासाठी आयती मिळत. अमेरिकेत १९३०च्या दशकातील नियमांनी बर्बनसाठी आतून जाळलेले नवे ओक-पिंप अनिवार्य केल्यामुळे एकदा वापरलेली लाखो पिंपे स्कॉटलंडला उपलब्ध होऊ लागली. सुमारे २०० लिटरच्या बर्बन पिंपात व्हॅनिला व नारळाची आठवण देणारी चव येते, तर सुमारे ५०० लिटरच्या शेरी पिंपात मनुका, सुकामेवा आणि मसाल्याची छटा. लहान पिंपात लाकडाचा संपर्क अधिक आणि कितीदाही वापरलेल्या पिंपात परिणाम कमी. म्हणूनच केवळ वयाच्या आकड्यावरून दर्जा ठरवता येत नाही. शिवाय हा आकडा बाटलीतील सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो.

आस्वादाची रीत

१९७९ मध्ये एडिंबरोच्या पेंटलँड्स संशोधन संस्थेने व्हिस्कीच्या गंध-स्वादांचे वर्गीकरण करणारे चक्र प्रसिद्ध केले. फुलांचा, फळांचा, धान्याचा, धुराचा, लाकडाचा असे गट करून उद्योगातील परीक्षकांना समान शब्दावली पुरवणे हा त्याचा उद्देश होता. हीच शब्दावली पुढे सामान्य आस्वादकाकडे आली. रसग्रहणासाठी भाषा लागते, हे साहित्याच्या अध्यापकास वेगळे सांगावयास नको.

रूढ आस्वादपद्धती साधी आहे. तोंडाशी निमुळता होणारा पेला घ्यावा. २००१ मध्ये बाजारात आलेला ग्लेनकेर्न पेला याच कल्पनेवर घडवलेला आहे. थोडी व्हिस्की ओतून प्रथम रंग पाहावा, पण त्यावर फार विसंबू नये, कारण कायदा साधे कॅरॅमल मिसळून रंग देण्यास परवानगी देतो. नंतर तोंड किंचित उघडे ठेवून हळूच गंध घ्यावा, लहान घोट जिभेवर फिरवावा आणि गिळल्यानंतर रेंगाळणारी चव पाहावी. त्यानंतर पाण्याचे काही थेंब घालून हाच क्रम पुन्हा करावा. पाण्याविषयीच्या या जुन्या सवयीस २०१७ मध्ये स्वीडनमधील कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने आधार दिला. मद्यार्काचे प्रमाण कमी केले असता धुरकट गंधाचा ग्वायाकॉल हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येण्याची प्रवृत्ती दाखवतो, असे त्यांना आढळले. बर्फाने गंध दबतो, म्हणून परीक्षक तो टाळतात. तथापि पिण्याच्या रीतीवर कोणताही कायदा नाही, आणि नसावाही. तौलनिक आस्वाद हा सर्वांत उपयुक्त मार्ग आहे. बर्बन पिंपातील, शेरी पिंपातील आणि पीटयुक्त अशा तीन व्हिस्की अल्प प्रमाणात शेजारी ठेवून पाहिल्यास वर वर्णिलेला सारा इतिहास चवीच्या रूपाने प्रत्ययास येतो.

लेबलावरील विश्वास

विशेषणाची सैल व्याख्या २००३ मध्ये अडचणीत आली. स्पेनमध्ये ‘कार्डू’ या स्पेसाइडच्या सिंगल माल्टची मागणी आसवनीच्या क्षमतेपलीकडे गेली. तेव्हा तिची मालक डियाजिओ या कंपनीने इतर आसवन्यांचे माल्ट मिसळून तेच नाव आणि जवळजवळ तेच रूप असलेली बाटली ‘प्युअर माल्ट’ म्हणून बाजारात आणली. कायद्याचा भंग झालेला नव्हता. परंतु ‘सिंगल’च्या जागी ‘प्युअर’ आल्याचे किती ग्राहकांच्या लक्षात येईल, असा आक्षेप विल्यम ग्रँट कंपनीसह अनेकांनी घेतला. २००४ मध्ये हे उत्पादन मागे घेण्यात आले. इस्लिंग्टनचाच प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा उभा राहिला होता. फरक इतकाच की तेव्हा वाद नामाचा होता, आता विशेषणाचा.

या वादानंतर २३ नोव्हेंबर २००९ पासून लागू झालेल्या स्कॉच व्हिस्की नियमावलीने सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, मिश्र माल्ट, मिश्र ग्रेन आणि मिश्र असे पाच प्रकार निश्चित केले आणि ‘प्युअर माल्ट’ हा शब्दप्रयोग निषिद्ध ठरवला. ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेले ओक पिंप, स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षे मुरवणे आणि बाटलीत किमान ४० टक्के मद्यार्क या अटी त्यात आहेत. २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करणेही आवश्यक झाले.

कायदा मात्र सर्व काही सांगत नाही आणि सांगूही देत नाही. वयाचा उल्लेख करावयाचा तर तो सर्वांत तरुण घटकाचाच करता येतो. मिश्रणातील प्रत्येक घटकाचे वय व प्रमाण जाहीर करू पाहणाऱ्या एका लहान कंपनीस २०१५ च्या सुमारास हाच नियम आडवा आला. दुसरीकडे, जुन्या बाटल्यांना आलेल्या अवाढव्य किमतींनी बनावटीला आमंत्रण दिले. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलात १८७८ ची म्हणून दिलेल्या मॅकॅलन व्हिस्कीच्या एका पेल्यास जवळपास दहा हजार स्विस फ्रँक मोजण्यात आले. नंतर कार्बन कालमापनाने ती १९७०च्या आसपासची आणि ग्रेन मिसळलेली मिश्र व्हिस्की असल्याचे निष्पन्न झाले. वस्तू जितकी दुर्मीळ, तितका तिचा ग्राहक जिभेपेक्षा लेबलावर अधिक अवलंबून राहतो.

भारतीय संदर्भ

हा शब्दांचा वाद भारताला परका नाही. १९०९ च्या आयोगाची ‘धान्य’ ही अट आजही युरोपीय कायद्याचा गाभा आहे. भारतात, विशेषतः महाराष्ट्रासारख्या साखर कारखानदारीच्या राज्यांत, उसाच्या मळीपासूनचा मद्यार्क मुबलक असल्याने तो आधारभूत मानून ‘व्हिस्की’ तयार करण्याची प्रथा पडली. युरोपीय संघात अशा पेयास व्हिस्की म्हणून विकता येत नाही. ‘पीटर स्कॉट’ या भारतीय व्हिस्कीच्या नावावरून स्कॉच व्हिस्की असोसिएशन आणि खोडे डिस्टिलरीज यांच्यात चाललेला वाद २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. हरकत घेण्यास झालेल्या दीर्घ विलंबाचा विचार करून न्यायालयाने नाव कायम ठेवले. त्यानंतर काही वर्षांतच ‘स्कॉच व्हिस्की’ची भौगोलिक निर्देशन म्हणून भारतात नोंद झाली.

याच काळात भारतीय सिंगल माल्टचाही उदय झाला. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजने २००४ मध्ये आपले सिंगल माल्ट ग्लासगो येथे प्रथम सादर केले. गोव्यातील कुंकळ्ळी येथील आसवनीत तयार होणारे ‘पॉल जॉन’ २०१२ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले. स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातील सुमारे दोन टक्के व्हिस्की दरवर्षी बाष्परूपाने उडून जाते. उष्ण हवामानात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, पण लाकडाशी होणारी क्रियाही वेगवान होते. त्यामुळे येथे बारा किंवा अठरा वर्षे मुरवणे व्यवहार्य नसते आणि वयाचा आकडा हा दर्जाचा सार्वत्रिक मापदंड नाही, हे या अनुभवातून स्वतंत्रपणे सिद्ध होते. २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरील १५० टक्के आयात शुल्क प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. म्हणजे चोखंदळ ग्राहकाची निवड आजही करव्यवस्थेच्याच चौकटीत घडते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, सिंगल माल्ट ही अखंड चालत आलेली परंपरा म्हणून सादर केली जात असली, तरी ग्राहकाच्या निवडीचा स्वतंत्र वर्ग म्हणून ती १९६३ नंतरची आणि प्रामुख्याने १९८०च्या दशकातील निर्मिती आहे. दुसरा, प्रदेश, धूर, वय आणि पिंप या तिच्या खुणांमागे अनुक्रमे कररेषा, इंधनाची टंचाई, युद्धकालीन निर्बंध आणि परदेशातील मद्यव्यवसायाचे नियम आहेत. तिसरा, कायद्याने दिलेली व्याख्या फसवणुकीपासून संरक्षण देते, आवडीची हमी देत नाही. म्हणून लेबल काय सांगते आणि काय सांगत नाही, हे दोन्ही जाणणारा ग्राहकच खऱ्या अर्थाने निवड करतो.

१९८३ मध्ये बंद पडलेल्या ब्रोरा आणि पोर्ट एलन या आसवन्या अनुक्रमे २०२१ आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. ज्यांचा माल एके काळी नकोसा झाला होता, त्यांच्या उरलेल्या बाटल्या मधल्या काळात संग्राहकांच्या सर्वाधिक मागणीच्या ठरल्या होत्या. पदार्थ तोच होता. बदलली होती ती त्याला ओळखण्याची आणि नाव देण्याची पद्धत. मद्याच्या सामाजिक इतिहासाने या पद्धतीचा मागोवा घेणे आवश्यक आहे, आणि भारतीय ‘व्हिस्की’ व ‘सिंगल माल्ट’ या संज्ञांच्या बाबतीत हे काम पुढील संशोधनाची वाट पाहत आहे.